१९३७ चा उमेदवार आणि आपले प्रश्न

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी मी माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांना एक काम सांगितले होते. आपापल्या गावात, वाडीत, वस्तीत उमेदवारांनी जी पत्रके वाटली, ती जमवून आणायची. चार दिवसांत टेबलावर ढीग झाला. बौद्धवाडीत वाटलेल्या बहुतेक पत्रकांवर बाबासाहेबांचा फोटो होता. खाली आश्वासने होती: समाजमंदिराला पत्रे, प्रवेशकमान, पुतळ्याभोवती सुशोभीकरण, वाडीपर्यंत काँक्रीटचा रस्ता. त्या ढिगाकडे बघत एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या घराखालची जमीन कुणाच्या नावावर आहे, हे यातल्या एकानेही विचारलेलं नाही."

तिचा प्रश्न मला माझ्याच घरी घेऊन गेला. माझे आजोबा कोकणातल्या एका खोती गावात जन्मभर भात पिकवत होते. माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. इतिहासाची पुस्तके वाचू लागल्यावर मला कळले की, आजोबांनी जे सोसले ते केवळ त्यांचे नशीब नव्हते. त्याला कायद्याचा आधार होता, आणि तो कायदा मोडावा म्हणून एका उमेदवाराने निवडणूक लढवली होती. ती निवडणूक १९३७ ची. उमेदवार डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांच्या चरित्रात या निवडणुकीला पान-दोन पाने मिळतात; महाड, नाशिक, पुणे करार आणि संविधान यांच्या मध्ये ती दडून जाते. आजच्या पत्रकांचा ढीग समोर ठेवून ती पुन्हा वाचली पाहिजे, असे मला वाटते.

१

प्रथम ती जागा कशी होती ते पाहू. १९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. मुंबई प्रांताच्या वाट्याला पंधरा आल्या. १९३५ च्या कायद्याने मुंबईच्या विधानसभेत १७५ सभासद ठरले. त्यांत या पंधरा. करारात प्राथमिक निवडणुकीची सोय होती. अस्पृश्य मतदारांनी आधी चार जण निवडायचे आणि त्यांतून एकाला सर्व मतदारांनी मिळून पाठवायचे. म्हणजे शेवटचा शब्द आपला नव्हता. शिवाय मताचा हक्क सर्वांना नव्हता. कर, मालमत्ता, शिक्षण अशा अटींतून जो पार होईल तो मतदार. ज्याच्याकडे काही नाही त्याचा प्रश्न सभागृहात मांडायचा, आणि निवडून यायचे ते ज्यांच्याकडे काहीतरी आहे अशांच्या मतांवर, असा तो पेच होता.

मुंबई प्रांतात एक गोष्ट मात्र उपयोगी पडली. एकाहून अधिक जागांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. बाबासाहेबांचा या पद्धतीसाठी आग्रह होता. मते वाटून टाकण्याची सक्ती असती तर अल्पसंख्याकांचे मत बहुसंख्याकांच्या मतात विरघळून गेले असते. मतपेटीचा हा बारकावा निवडणुकीच्या आधी ओळखून ठेवणारा नेता आपल्याला लाभला होता, याची आठवण आपण क्वचितच काढतो.

२

बाबासाहेबांनी १९३६ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. काळ लक्षात घ्या. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला धर्मांतराची घोषणा झालेली. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईत महार परिषद भरून धर्मांतराचा विचार सविस्तर मांडलेला. सारा देश या माणसाला 'धर्म सोडायला निघालेला पुढारी' म्हणून ओळखत होता. अशा वेळी तो पक्ष काढतो आणि पक्षाच्या नावात अस्पृश्य हा शब्द नाही, मजूर हा शब्द आहे.

जाहीरनामाही तसाच. शेतीचे तुकडे आणि शेतीवर पडलेला माणसांचा भार हे दारिद्र्याचे मूळ आहे, म्हणून जुने धंदे सावरावेत, नवे काढावेत. लोकहितासाठी जेथे गरज असेल तेथे उद्योग सरकारच्या मालकीचे करावेत. धंदेशिक्षणाचा प्रसार करावा. शेतकऱ्यांसाठी भूतारण बँका, सहकारी संस्था, खरेदी-विक्री संघ काढावेत. खोत आणि तालुकदार यांच्या जुलमापासून आणि जमिनीवरून हुसकावून लावण्यापासून कुळांना संरक्षण द्यावे. कारखान्यातील नोकरी, बडतर्फी, बढती यांवर कायद्याचे नियंत्रण आणावे. कामाचे तास ठरवावेत, पुरेसे वेतन आणि पगारी रजा द्यावी. कामगारांना स्वस्त आणि आरोग्याला योग्य घरे द्यावीत. बेकारांना जमिनीवर वसवावे आणि सार्वजनिक कामे काढावीत. औद्योगिक शहरांत घरभाड्यावर नियंत्रण ठेवावे. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करावे. धर्मादाय निधीतील शिल्लक शिक्षणासारख्या ऐहिक कामाला लावावी असेही त्यात होते, आणि राज्यकारभारात एका जातीची मक्तेदारी होऊ देणार नाही असेही होते.

या यादीत समाजमंदिर नाही. अस्पृश्यतेचा उच्चारही जवळजवळ नाही. मग हा जाहीरनामा आपल्या समाजाचा नव्हता काय? माझ्या मते तो पूर्णपणे आपल्या समाजाचा होता. कोकणात महाराला खोत छळत होता, पण तोच खोत कुणब्याला आणि आगऱ्यालाही छळत होता. परळच्या चाळीत महार राहत होता तसा घाटावरचा मराठाही राहत होता. बाबासाहेब स्वतः परळच्या चाळीत कितीतरी वर्षे राहिले होते. त्यामुळे अस्पृश्याचा प्रश्न मंदिराच्या पायरीवर जसा दिसतो तसा तो भाताच्या खळ्यावर आणि गिरणीच्या दारातही दिसतो, हे त्यांना कुणा पंडिताकडून शिकावे लागले नाही.

आणि तरीही मजूर म्हटल्याने जात विसरली गेली, असे झाले नाही. गिरणीत अस्पृश्य कामगाराला विणकामाच्या खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि महाराच्या तोंडचा धोटा स्पृश्य कामगाराला चालत नसे. विणकामात पगार जास्त, म्हणून या विटाळाची किंमत दर महिन्याला रुपयांत मोजता येत होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळीच बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. यातला एकच शत्रू मोजणाऱ्यांची दोन घराणी आपल्याकडे पुढे तयार झाली आणि ती आजवर एकमेकांशी भांडत आहेत.

३

बाबासाहेब मुंबई शहरातील भायखळा-परळ मतदारसंघातून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर पाळवणकर बाळू यांना उभे केले. हे नाव आजच्या तरुणांना ठाऊक नसते. बाळू चांभार समाजातले, डाव्या हाताने फिरकी टाकणारे थोर गोलंदाज. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला तेव्हा शंभरावर बळी घेणारा हा माणूस. हिंदू संघात खेळतानाही चहा त्यांना वेगळ्या भांड्यातून दिला गेला. तरुणपणी बाबासाहेबांना त्यांचे कौतुक होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. बाळूंनी संयुक्त मतदारसंघाची बाजू घेतली, पुणे करारावर सही केली, धर्मांतराला विरोध केला.

मतमोजणीत बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. दोन हजारांचा फरक. ज्यांच्या नावाने आज राज्य चालवण्याच्या शपथा घेतल्या जातात, ते दोन हजार मतांनी निवडून आले होते. बाळूंना हिणवण्यासाठी मी हे सांगत नाही. तो स्वाभिमानी माणूस होता. सांगायचे ते काँग्रेसच्या रीतीविषयी. आपल्यातल्याच एका कीर्तिमान माणसाला आपल्यातल्याच बोलणाऱ्या माणसासमोर उभे करायचे, ही रीत तेथे नीट बसली आणि पुढे सर्वच पक्षांनी उचलली. बाळू निवडून आले असते तर त्यांनी खोतीविरुद्ध विधेयक आणले असते काय? पक्षाची शिस्त त्यांना ते आणू देती काय? उमेदवार कोणत्या जातीचा, याच्या पलीकडचा हा प्रश्न आहे, आणि राखीव जागांच्या बाबतीत तोच खरा प्रश्न आहे.

स्वतंत्र मजूर पक्षाने सतरा उमेदवार उभे केले होते, चौदा आले. पंधरा राखीव जागांपैकी अकरा पक्षाकडे आणि चार काँग्रेसकडे. नाशिकहून भाऊराव गायकवाड आले, पुण्याहून रा. रा. भोळे आले. तीन जण सर्वसाधारण जागांवर निवडून आले: अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आणि शामराव परुळेकर. चित्रे आणि टिपणीस हे महाडच्या सत्याग्रहापासूनचे सोबती. टिपणीस तर महाड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. देशभरात १५१ राखीव जागांपैकी ७८ काँग्रेसने घेतल्या. त्या हिशेबात मुंबई प्रांताचा हा निकाल उठून दिसतो.

४

जाहीरनामा कोणीही छापतो. खरी परीक्षा निवडून आल्यावर. या उमेदवाराने सभागृहात काय केले?

१९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीदार. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याच्या काही भागांत ही पद्धत होती. १८८० च्या कायद्याने तिला चौकट दिली. खोत सरकारला ठरलेला सारा भरी आणि कुळाकडून पिकाचा वाटा घेई. कोठे निम्मा, कोठे तिसरा हिस्सा. त्यावर वेठ. आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या शेतावर फुकट राबायचे, याला आठवेठ म्हणत. माझी आजी सांगे की, खोताकडच्या लग्नात लाकडे फोडायला तिचे सासरे तीन दिवस गेले आणि परत येताना पत्रावळीवरचे उरलेले घेऊन आले. ती हे रागाने सांगत नसे. पाऊस पडला, पूर आला, तसे सांगे. हा थंडपणा मला आता अधिक टोचतो.

विधेयकाचे म्हणणे साधे होते. खोताला वाजवी मोबदला द्यावा, खोती संपवावी, कसणाऱ्याचे नाव सरकारदप्तरी लावावे, म्हणजे रयतवारी आणावी. यामागे चळवळही होती. अलिबाग तालुक्यातील चरी भागात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ पासून जमिनी न कसण्याचा संप चालवला होता. हे शेतकरी बहुतांशी आगरी. १९३४ साली बाबासाहेब तेथे सभेला गेले होते. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन आले. बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर होते. त्यांनी शिष्टमंडळाला भेट दिली. विधेयक मात्र पुढे सरकले नाही. चौदा सभासदांच्या बळावर खाजगी विधेयक किती दूर जाणार? काँग्रेसने १९३९ मध्ये कुळांचा एक मर्यादित कायदा केला, आणि त्याच वर्षाअखेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने, बारा वर्षांनी.

दुसरे विधेयक महार वतनाचे. ते बाबासाहेबांनी जुन्या कौन्सिलात १९२८ सालीच आणले होते आणि मोडतोड होताना पाहून मागे घेतले होते. वतन म्हणजे मान असे समजणारे आपल्यातही पुष्कळ होते. हातातली काठी, वेशीपर्यंतचा मान, बलुते, इनामाचा तुकडा. पण त्या तुकड्याच्या बदल्यात रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी. एक गडी हजर नसेल तर घरातला दुसरा. कामाला तास नाहीत आणि मेहनताना गावकऱ्यांच्या मर्जीवर. बाबासाहेबांची मागणी होती की, कामे ठरवून द्या, मेहनताना रोख द्या, आणि ज्याला चाकरी नको त्याची जमीन पुरा सारा घेऊन त्याच्याच नावे करा. स्वतःच्या समाजाला जे भूषण वाटते ते बेडी आहे, हे समाजाच्या तोंडावर सांगणारा उमेदवार विरळा. १९३९ च्या डिसेंबरात हरेगावला वतनदारांची परिषद झाली, तीत इनाम जमिनींवरील जुडी वाढवण्याला विरोध झाला. वतने गेली १९५८ च्या कायद्याने. जमिनी परत दिल्या त्या शर्तीच्या, परवानगीवाचून विकता न येणाऱ्या. तरीही त्या हातून कशा गेल्या याचे दावे आजही न्यायालयांत चालू आहेत.

तिसरी गोष्ट १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाची. संपावर निर्बंध घालणारे आणि बेकायदा संपाला शिक्षा ठेवणारे ते विधेयक होते. बाबासाहेबांनी युक्तिवाद केला की, काम सोडणे हा फार तर कराराचा भंग आहे, गुन्हा नाही. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे गुलामगिरी. संपाचा हक्क त्यांनी स्वातंत्र्याच्या हक्काशी जोडला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. विधेयकाचा कायदा झालाच. पण वतनाची वेठ आणि गिरणीतली सक्ती या दोन्हींना एकाच तर्काने विरोध करणारा माणूस त्या सभागृहात होता, हे नोंदले गेले.

चौथी गोष्ट नावाची. १९३८ च्या जानेवारीत स्थानिक मंडळांच्या विधेयकात आपल्या लोकांना 'हरिजन' म्हटले गेले. भाऊराव गायकवाडांनी हरकत घेतली. आम्ही देवाची माणसे तर बाकीचे कोणाची, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ज्यांना नाव दिले जात आहे त्यांना ते नको आहे, एवढे कारण पुरे होते. बहुमताने ते मानले नाही, आणि पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले. त्याच वर्षी पक्षातर्फे संततिनियमनाचा ठरावही आला. तोही फेटाळला गेला. गरिबाघरच्या बाईच्या शरीरावर पडणारा भार हा विधिमंडळाचा विषय आहे, हे तेव्हा किती जणांना सुचत होते?

५

आता उणिवांकडे पाहू. भक्तीने इतिहास लिहिला की त्यातून शिकण्यासारखे काही उरत नाही.

पक्षाचे नाव मजूर होते, पण राखीव जागांवरचे उमेदवार मुख्यतः महारच होते. मांग आणि चांभार समाज दुरावलेले राहिले. बाळूंना पडलेली अकरा हजार मते काँग्रेसच्या पैशाने आली असे म्हणून आपण सुटू शकत नाही. त्यांत 'हा पक्ष आमचा नाही' असे वाटणाऱ्या आपल्याच भावांची मतेही असतील, हे मान्य करायला हवे. दुसरीकडे, खोतीविरुद्ध मोर्च्यात बरोबर चालणारा कुणबी गावात परतल्यावर महाराला विहिरीवर येऊ देत नव्हता. वर्ग एक असून मन एक नव्हते. १९४२ साली नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन निघाली आणि स्वतंत्र मजूर पक्ष मागे पडला. क्रिप्स योजनेनंतर राजकीय हक्कांचा प्रश्न पुढे आला होता. मजूर म्हणून बोलले तर अस्पृश्य म्हणून कोणी ऐकत नव्हते. हा बदल परिस्थितीने लादलेला होता. तरी मजूर पक्षाचा जाहीरनामा त्यामुळे चुकीचा ठरत नाही. नाशिकचे तेच भाऊराव, आपले दादासाहेब गायकवाड, १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे करतात, तेव्हा १९३७ चाच धागा पुढे चाललेला दिसतो.

आणखी एक उणीव माझ्या घरातली. खोती गेली तेव्हा ज्यांचे नाव दप्तरात होते त्यांना जमीन मिळाली. आजोबा कसत होते, पण त्यांचे नाव कोठेही नव्हते. नाव लावून घ्यायला हवे हे सांगणारा कोणी शिकलेला माणूस वाडीत नव्हता. कायदा मुंबईत होतो आणि माणूस तलाठ्यासमोर उभा असतो. या दोन टोकांमधले अंतर तोडायला कार्यकर्ता लागतो. तो त्या गावापर्यंत पोचला नाही. आम्ही आजही ज्या घरात राहतो त्याच्याखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे. त्या मुलीच्या प्रश्नाने मी का दचकलो, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

६

आज महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. प्रौढ मताधिकार आहे. कर, मालमत्ता, शिक्षण यांची अट नाही. १९३७ च्या उमेदवाराजवळ जे नव्हते ते सारे आपल्याजवळ आहे. त्याच्याजवळ होती ती प्रश्नांची यादी मात्र आपण हरवून बसलो. खोत गेला, पण भूमिहीन गेला नाही. गिरण्या बंद पडल्या, पण नगरपालिकेची गटारे साफ करणारा कंत्राटी कामगार आपलाच आहे आणि त्याला पगारी रजा नाही. फी भरता न आल्याने माझ्या वर्गातून दर वर्षी दोन-तीन मुले नाहीशी होतात. हजेरीपटावर त्यांची नावे तेवढी राहतात.

उमेदवाराची जात, त्याचा पक्ष, त्याने जयंतीला दिलेली वर्गणी, हे सर्व बाजूला ठेवून त्याला चार गोष्टी विचाराव्यात, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. आमच्या घराखालची आणि वतनाची जमीन याबद्दल तू कोणता कायदा, कोणती दुरुस्ती मागणार? कंत्राटी कामगाराला कायम करण्याबाबत तुझे मत काय? शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, यावर सभागृहात तू कधी बोललास? तुझा पक्ष या प्रश्नांच्या विरोधात मत द्यायला सांगेल तेव्हा तू काय करशील? चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण पुणे करारापासून आपल्या प्रतिनिधीची मान तेथेच अडकलेली आहे.

ती मुलगी पुढच्या आठवड्यात सातबाराचा उतारा घेऊन आली. तलाठी कार्यालयात तिने दोन खेपा घातल्या होत्या. उताऱ्यावर तिच्या आजोबांचे नाव 'इतर हक्क' या रकान्यात होते, एका ओळीत. "म्हणजे काहीतरी आहे ना, सर?" तिने विचारले. काहीतरी आहे. माझ्या आजोबांचे तेवढेही नव्हते. आता तो उतारा आणि ते चार प्रश्न एकाच कागदावर लिहून ती वाडीच्या बैठकीत ठेवणार आहे. मलाही तिने बोलावले आहे, आणि मी जाणार आहे.